रे मार्केट ते महात्मा फुले मंडई

12 मे 1875 रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात सावकारांच्या दुकानांवर शेतकरी चालून गेले. त्यांनी कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे; त्या काळी तो भाग भीमथडी तालुक्यात मोडत असे. सुप्याची आग पुढच्या काही आठवड्यांत भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर आणि नगर जिल्ह्यापर्यंत पसरली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा केला. मधल्या काळात 1876-77 चा दुष्काळ येऊन गेला होता. इंदापूर आणि भीमथडीच्या कोरडवाहू गावांतली माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेली, गुरे मेली, घरे ओस पडली.

त्याच सुमारास पुण्याच्या नगरपालिकेत भाजीबाजारासाठी नवी इमारत बांधण्याचा विचार सुरू झाला. तेव्हा पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. पेशवाई गेल्यानंतर, 1828 च्या आगीत आतले वाडे जळून गेल्यानंतर, त्या पटांगणाला सत्तेचा दरारा उरला नव्हता. शेतकरी, माळी, कुंभार, फुलवाल्या तिथे जमिनीवरच माल मांडत. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि संध्याकाळी उरलेल्या पाल्याचा ढीग असे. बाजाराला छप्पर, वारा, पाणी आणि निचरा हवा, ही मागणी रास्तच होती. जागा म्हणून शुक्रवार पेठेतली खासगीवाल्यांची बाग ठरली. प्रश्न होता खर्चाचा. अंदाज तीन लाख रुपयांच्या घरात जात होता, आणि त्या काळात तीन लाख ही नगरपालिकेला झेपेल की नाही असा विचार करायला लावणारी रक्कम होती.

या खर्चाला सभागृहात उघड विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. 1876 ते 1882 या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. त्यांच्या बाजूने हरी रावजी चिपळूणकर उभे राहिले. (हे चिपळूणकर वेगळे, निबंधमालाकार विष्णुशास्त्र्यांशी त्यांचा घोटाळा करू नये.) एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, हे फुल्यांचे म्हणणे होते. ठराव त्यांच्या विरोधात गेला.

फुल्यांचा हा विरोध बाजाराला होता असे समजणे चुकीचे आहे. ते बाजारातलेच होते. घराणे फुलांच्या आणि भाजीच्या धंद्यातले, राहणे मंडईपासून हाकेच्या अंतरावरच्या गंज पेठेत. स्वतः बांधकामाचे कंत्राटदार. दगड, चुना, मजुरी यांचा हिशेब त्यांना सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा अधिक कळत होता. दगडी इमारत उभी करायला काय लागते ते माहीत असलेल्या माणसाने तो खर्च नको म्हटले होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवण्यासाठी हजार रुपयांचा ठराव आला, तेव्हाही बत्तीस सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिले होते. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी हीच गोष्ट मोठ्या पटावर मांडली. सरकारचा महसूल कष्टकऱ्याच्या घामातून येतो आणि त्यातला शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो, असे त्यांचे निवेदन सांगते. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. सुप्याच्या आणि इंदापूरच्या शेतकऱ्याची जी अवस्था त्या पुस्तकात आहे, ती डोळ्यापुढे ठेवली की तीन लाखांच्या दगडी बाजाराला त्यांनी का अडवले, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इमारत मात्र झाली, आणि चांगली झाली. आराखडा सैन्यातले अभियंते वॉल्टर ड्यूकॅट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. हे कानिटकर पुण्यातले नावाजलेले कंत्राटदार; आनंदाश्रम आणि फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारत हीही त्यांचीच कामे. 1886 मध्ये मंडईचे उद्घाटन झाले. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिचे नाव रे मार्केट ठेवले गेले.

काळ्या दगडात बांधलेली ती गॉथिक वळणाची वास्तू पाहणाऱ्याला आजही थबकायला लावते. मधोमध अष्टकोनी मनोरा, सुमारे 80 फूट उंच, वर निमुळते होत गेलेले टोकदार शिखर. त्याच्याभोवती चहूकडे लांबत गेलेले कौलारू दालनांचे हात. पुण्यात तोपर्यंत वाडा होता, देऊळ होते, छावणीत चर्च होते. पण यांपैकी कशासारखाच नसलेला हा आकार पेठांच्या मधोमध उभा राहिला. वरून पाहिले तर चाकाच्या तुंब्यातून आरे निघावेत तशी तिची रचना दिसते.

हा आकार शोभेसाठी नाही. भाजीला हवा लागते, सावली लागते आणि उजेडही लागतो. चार भिंतींच्या बंद खोलीत मेथी दुपारपर्यंत पिवळी पडते. दालने लांब आणि अरुंद ठेवली की दोन्ही बाजूंनी वारा खेळतो. गिऱ्हाईक एका टोकाने शिरून मधल्या चौकात येते आणि दुसऱ्या दालनात वळते, त्यामुळे कुठलाच गाळा आडबाजूला पडत नाही. आणि मधल्या मनोऱ्यात बसणाऱ्याची नजर सगळीकडे राहते. मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर नगरपालिकेची कचेरी आली ती याच सोयीने, असे मला वाटते. खाली वांगी-बटाटे, वर ठराव आणि हिशेब. पुण्याचा कारभार बरीच वर्षे भाजीच्या डोक्यावर बसून चालला.

हे मला फार मोलाचे वाटते. नगरपिता जिना चढायला निघाला की त्याला आधी बाजार ओलांडावा लागे. रस्त्यात पाणी तुंबले आहे की नाही, भाव काय चालला आहे, हे कळायला त्याला अहवालाची गरज नव्हती. पुढे 1930 च्या सुमारास नगरपालिकेची कचेरी विश्रामबागवाड्यात गेली, 1950 मध्ये महानगरपालिका झाली, आणि नंतर कारभार शिवाजीनगरला नदीकाठच्या नव्या इमारतीत गेला. कारभाराला जागा अपुरी पडत होती, हे खरे. पण बाजार आणि कारभार यांचा एकच जिना होता, तो कचेरी हलली त्या दिवशी तुटला.

रे साहेबांच्या नावाची एक बाजू इथेच सांगितली पाहिजे. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट ज्या आर्थर क्रॉफर्डच्या नावाने ओळखले जाई, तो मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर पुढे पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर झाला. 1888 मध्ये त्याच्यावर मामलेदारांकडून लाच घेतल्याचे आरोप झाले. त्याला निलंबित करून चौकशी लावणारे सरकार लॉर्ड रे यांचेच होते. लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांचे काय करायचे, यावर पुण्यात मोठे रण पेटले आणि टिळकांनी मामलेदारांची बाजू घेतली. आज मुंबईचे ते मार्केट आणि पुण्याचे हे मार्केट, दोन्हींना महात्मा फुल्यांचे नाव आहे.

मंडई उभी राहत असताना इकडे आमच्या इंदापूर-बारामतीच्या मुलखातही एक मोठे बांधकाम चालले होते. भोर संस्थानात येळवंडी नदीवर भाटघरचे धरण आणि नीरेचा डावा कालवा. 1885 च्या सुमारास या कालव्याचे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूरकडे वाहू लागले. दुष्काळानेच ही योजना निकडीची केली होती. सुरुवातीला शेतकरी पाणी घ्यायला बिचकत. पाणीपट्टी द्यायची, आणि जोंधळ्याला पाणी दिले तर परवडायचे कसे? पण हळूहळू कालव्याकाठी बागायत पसरली. सासवडचे माळी बारामतीकडे उतरले, त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळे पेटवली. याच सासवड माळी समाजाने पुढे 1930 च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला. फुल्यांचे घराणेही मूळ साताऱ्याकडच्या कटगुणहून पुरंदरातल्या खानवडीला आणि तिथून पुण्याला आलेले माळ्यांचे. बागायत करणारी ही माणसे एका टोकाला, आणि शहराचा बाजार दुसऱ्या टोकाला.

दोहोंना जोडायला रेल्वे होती. पुण्याहून निघालेली गाडी 1858 मध्येच इंदापूर तालुक्यातल्या डिकसळपर्यंत पोचली होती. दौंड-बारामती हा अरुंद रुळांचा फाटा 1914 मध्ये सुरू झाला. कालवा, रेल्वे आणि शहराचा पक्का बाजार, या तीन गोष्टी जुळल्या तेव्हा कुठे कोरडवाहू तालुक्यातल्या शेतकऱ्याला धान्य-गुळाखेरीज नाशवंत मालाचाही विचार करता येऊ लागला. म्हणून मंडईचा इतिहास हा फक्त पुणेकरांचा आहे असे मी मानत नाही.

मंडईचा खरा जोर विसाव्या शतकात आला, आणि तो भाजीपेक्षा सभांमुळे आला. इमारतीभोवतीचे मोकळे पटांगण हे पेठांतल्या माणसांना सहज जमता येणारे ठिकाण होते. टांगेवाले, हमाल, गाळेवाले, विद्यार्थी, वकील सगळे तिथे येत. वक्त्याला दाद मिळाली तर तिथे, आणि बाहेरची वाट दाखवली गेली तर तीही तिथेच. ‘मंडई विद्यापीठ’ हे नाव पुण्यात यातूनच रूढ झाले. काँग्रेसचे पुढारी काकासाहेब गाडगीळांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजाननही याच आवाराचा. 1894 पासून चालत आलेला हा उत्सव, म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवाच्या अगदी पहिल्या पिढीतला. झोपाळ्यावर शारदेसह बसलेला गणपती पाहायला गौरी-गणपतीत इंदापूर-बारामतीकडूनही माणसे जातात.

22 जुलै 1924 रोजी मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले. पुतळा शिल्पकार विनायकराव वाघ यांनी घडवला. टिळकांना जाऊन चारच वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी, 1925 मध्ये, नगरपालिकेचे तरुण सभासद केशवराव जेधे यांनी मागणी केली की पुण्यात जोतीराव फुल्यांचाही पुतळा व्हावा. ती मागणी फेटाळली गेली. ज्या माणसाने याच शहरात मुलींची शाळा काढली, पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ज्याने याच नगरपालिकेत सहा वर्षे काम केले, त्याचा पुतळा बहुमताला नको होता.

त्यानंतर जे झाले ते महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातले कडवट पान आहे. ब्राह्मणेतर चळवळीतल्या दिनकरराव जवळकरांची ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका त्याच वर्षी निघाली. तिच्यात टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अतिशय जहाल टीका होती. खटला झाला, लेखक जवळकर आणि प्रकाशक जेधे यांना शिक्षा झाली, आणि 1926 मध्ये अपिलात त्यांची बाजू मांडून त्यांना सोडवणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुस्तिकेची भाषा आज वाचताना कानाला बोचते. पण ती कशातून आली हे ठाऊक असल्याशिवाय तिच्यावर शेरा मारणे सोपे आणि अन्यायाचे आहे.

नंतरची वाट दोघा माणसांनी बदलली. जेधे 1930 मध्ये काँग्रेसच्या चळवळीत आले. गाडगीळ आणि जेधे, एक ब्राह्मण आणि एक ब्राह्मणेतर पुढारी, यांची जोडी जमली आणि पुण्याच्या राजकारणाचा पोत बदलून गेला. ज्या मंडईत पाच-सहा वर्षांपूर्वी दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत होते, तिथे आता एकाच व्यासपीठावरून बोलणे शक्य झाले.

या बदललेल्या हवेत आचार्य प्र. के. अत्रे नगरपालिकेत निवडून आले. 1938 च्या सुमारास, स्थायी समितीचे अध्यक्ष असताना, त्यांनी रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई केले. अत्रे मूळचे पुरंदरातले, सासवडचे. त्यांना फुल्यांचा विषय फक्त नामकरणापुरता नव्हता. पुढे त्यांनी ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला. 1954 मध्ये त्याच्या मुहूर्ताला डॉ. आंबेडकर हजर होते, आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

ज्या इमारतीच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव देणे योग्य होते का, हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. माझे उत्तर स्पष्ट आहे: होते. फुल्यांनी विरोध केला तो शहराच्या पैशाचा पहिला हक्क कोणाचा, या प्रश्नावर. ते नाव त्या दगडावर असल्यामुळे हा प्रश्न पुण्यात जिवंत राहिला. रे साहेबांच्या नावाने तो कोणाला आठवला असता?

स्वातंत्र्यानंतर मंडईचे काम पुन्हा बदलले. शहर वाढले, ट्रक आले, पहाटे पेठांतले अरुंद रस्ते गाड्यांनी तुंबू लागले. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हलवण्यात आला. आज इंदापूरचा पेरू, बारामतीची द्राक्षे, डाळिंब किंवा पालेभाजी पुण्याला जाते ती मार्केट यार्डात आडत्याच्या गाळ्यावर. तिथून किरकोळ विक्रेता उचलतो आणि मगच तो माल मंडईत येतो.

त्या साखळीतला जो कागद शेतकऱ्याच्या हाती पडतो, त्याला पट्टी म्हणतात. एक पट्टी जवळून पाहा. वर शेतकऱ्याचे नाव-गाव, मग मालाचे नग किंवा वजन, मग भाव, मग एकूण रक्कम. त्याखाली वजावटीची रांग: हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडे, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात उरलेली निव्वळ रक्कम. पूर्वी या वजावटीत आडत, म्हणजे आडत्याचे कमिशनही असे. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असा निर्णय केला. सुप्याच्या कर्जरोख्यांपासून इथपर्यंत यायला 141 वर्षे लागली. तरीही शेतकऱ्याची नजर अजून त्या शेवटच्या ओळीवरच आधी जाते, आणि भाव पडलेल्या हंगामात ती ओळ गाडीभाडेही भरून काढत नाही.

मंडई आता किरकोळ बाजार आहे. दालनांत उंच बैठकीचे गाळे, विक्रेता वर मांडी घालून बसलेला, त्याच्यापुढे उतरत्या फळीवर रचलेला माल. टोमॅटोची रास अशी लावलेली असते की खालचा एक काढला तरी वरची ढासळत नाही. वांग्यावर पाणी मारलेले, कोथिंबिरीच्या जुड्या ओल्या गोणपाटावर. काही गाळे घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले आहेत. बाजूला नवी मंडई उभी राहिली, ऑनलाइन भाजी दारात येऊ लागली. गिऱ्हाईक घटल्याची तक्रार गाळेधारक करतात आणि ती खोटी नाही. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडईच्या आवारात जमिनीखाली स्थानक आले.

जुन्या इमारतींच्या जतनाचा विषय निघाला की संग्रहालय, कलादालन, खाद्यगल्ली अशा सूचना पटकन पुढे येतात. मंडईच्या बाबतीत मी त्यांच्या विरोधात आहे. या इमारतीत कचेरी आली आणि गेली, सभा गाजल्या आणि थंडावल्या, घाऊक व्यापार गेला, नाव बदलले. भाजी मात्र एकदाही हलली नाही. ती हलली तर त्या दालनांचा लांब-अरुंद आकार, उघड्या बाजू, मधला चौक, सगळे अर्थ गमावून बसेल. कौले बदला, निचरा दुरुस्त करा, दगड जुन्या पद्धतीने नीट करा, वायरींची जाळी काढा, गाळेधारकांना स्वच्छतागृह आणि शीतगृह द्या. आणि एक मागणी आमच्या भागातर्फे: एखादे दालन शेतकऱ्यांच्या आणि महिला बचत गटांच्या थेट विक्रीला कायमचे राखून ठेवा. फुल्यांच्या नावाच्या बाजारात शेतकऱ्याला स्वतःचा गाळा नसावा, हे बरे नव्हे.

इंदापूर-बारामतीहून एसटीने स्वारगेटला उतरणाऱ्यांना आता हे फार सोपे झाले आहे. स्वारगेटवरून मेट्रोचे पुढचेच स्थानक मंडई. सकाळी जा, गाळे लागत असताना. मधल्या चौकात उभे राहून मान वर करून तो मनोरा बघा, आणि परतताना घरची भाजी तिथूनच घ्या.